पाचव्या इंजिनाची वही

लाउथ, लिंकनशायर
१२ मार्च १९९५

श्री. नेड प्रॉक्टर यांस,

आपण मला ओळखत नाही. ओळखत असलात तरी दोन वर्षांची म्हणूनच. मी जुडिथ, फ्लाइट लेफ्टनंट ह्यू लँबर्न यांची मुलगी. आपला पत्ता निवृत्त वैमानिकांच्या आणि मेकॅनिकांच्या पत्रिकेत मिळाला. 'लुका हवाई तळावरचे जुने मेकॅनिक, आता माल्टातच मार्साश्लोकला होड्या दुरुस्त करतात,' एवढंच आपल्याबद्दल छापलं होतं.

गेल्या वर्षी माझी आत्या वारली. तिच्या अल्बममध्ये एक फोटो सापडला. अर्ध्या चड्डीतले दोन तरुण एका होडीला टेकून उभे आहेत, एकाच्या हातात पक्कड, दुसऱ्याच्या हातात पावाचा तुकडा. मागे बाबांच्या अक्षरात लिहिलंय: 'मी, नेड आणि पाचवं इंजिन. माल्टा, १९५७.' पाव खाणारे बाबा. पक्कडवाले आपण असणार.

आमच्या घरात बाबांचा एकही फोटो नाही. आईनं सगळं एका ट्रंकेत घालून कुलूप लावलं ते आजतागायत. मी बाबांविषयी विचारलं की तिचं एकच वाक्य ठरलेलं: "तुझ्या बापाला घरी येण्यापेक्षा कप जिंकणं प्यारं होतं." बाबा शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत बुडाले, त्या चौकशीचा निकालही तसाच होता म्हणे. वादळ आलं, बाकीच्यांनी शिडं उतरवली, बाबांनी उतरवलं नाही.

मी आता चाळीस वर्षांची आहे. बाबा गेले तेव्हा ते एकतीसचे होते, म्हणजे माझ्याहून लहान. ते कसे होते हे त्यांना ओळखणाऱ्या कुणाकडून तरी मला ऐकायचं आहे. आईचं म्हणणं खरं असेल तर तसं लिहा, मला चालेल. हे पत्र लिहिल्याचं तिला सांगितलेलं नाही.

आपली,
जुडिथ वेनेबल्स


मार्साश्लोक, माल्टा
२ एप्रिल १९९५

जुडिथबाई,

पक्कडवाला मीच. तुमचं पत्र आलं तेव्हा मी एका होडीच्या बुडाखाली आडवा होतो. माझी बायको चेन्सा वरून ओरडली, "इंग्लंडचं पत्र आहे, कोण मेलं?" मी म्हटलं, कुणी नाही, जुनंच आहे.

तुमचे वडील कसे होते? पहिली गोष्ट म्हणजे उपाशी होते. कायम. आमची शॅकल्टन विमानं समुद्रावर पहारा करायची, चार इंजिनांची, एकदा गेली की चौदा-पंधरा तासांनी परत. आवाज असा की माझा उजवा कान लुकालाच राहिला. आत दहा माणसं आणि एक छोटी शेगडी. लँबर्नसाहेबांच्या विमानात ती शेगडी कधी थंड झालेली मी पाहिली नाही. विमान उतरलं की आधी बेकनचा वास बाहेर यायचा आणि मग साहेब. "नेड, तिसरं इंजिन खोकतंय," म्हणायचे, "आणि अंडी संपली." मी म्हणायचो, "साहेब, अंडी माझ्या खात्यात येत नाहीत."

आमच्या कामाची एक पद्धत होती, ती सांगतो, नाहीतर बोटीचं काही कळणार नाही. प्रत्येक विमानाची एक वही असते. मेकॅनिकनं जे काही उघडलं, बदललं, बांधलं ते त्यात लिहायचं आणि सही करायची. मग वैमानिक येतो, वाचतो, विमानाभोवती फिरून पाहतो आणि खाली आपली सही करतो. त्याची सही झाली की विमान त्याचं. तोवर ते माझं. दोन सह्यांच्या मधल्या वेळात माझा जीव त्या विमानात अडकलेला असायचा. ही सवय अशी मुरते की लग्नाच्या रजिस्टरवर सही केल्यावर मी पाद्र्याला विचारलं, खाली कोण करणार?

बोट आम्ही एका मोडीत काढलेल्या बचावनौकेची केली. विमानाच्या पोटाखाली बांधून नेतात आणि बुडणाऱ्यांसाठी हवाई छत्रीनं समुद्रात सोडतात, त्यातली ती. किनाऱ्यावर कलाफ्रानाच्या शेडमध्ये सहा महिने रविवारचे रविवार घालवून आम्ही तिला डोलकाठी बसवली. नाव साहेबांनी ठेवलं, पाचवं इंजिन. "चार इंजिनं सरकारची, हे आपलं," म्हणायचे. आणि गंमत म्हणून तिलाही आम्ही विमानासारखी वही केली. पुढून माझ्या नोंदी आणि दोघांच्या सह्या. मागून उलट्या बाजूनं साहेब आपलं काहीबाही टिपून ठेवायचे, वाऱ्याविषयी. गस्तीवरून परतताना ते खाडीवर विमान जरा खाली घ्यायचे आणि पाण्यावर वारा कुठे काळा पडलाय, कुठे वळतोय ते वरून बघून ठेवायचे, रविवारच्या शर्यतीसाठी. सरकारी पेट्रोल जाळून शर्यत जिंकणारा तेवढा एकच माणूस मला माहीत आहे. त्या मागच्या पानांत मी कधी नाक खुपसलं नाही. एक तर ते खाजगी, आणि त्यांचं अक्षर असं की कोंबडीलाही लाज वाटावी.

बोटीत मी साहेब म्हटलं की ते माझ्यावर पाणी उडवायचे. "इथं साहेब नाही, ह्यू म्हण." माझ्या तोंडून ते कधी आलं नाही. तुम्हाला खांद्यावर घेऊन धक्क्यावर यायचे. एकदा तुम्ही माझ्या हत्यारांच्या पेटीत ओकला होतात.

त्या रविवारी मी तळावर ड्यूटीवर होतो. त्यामुळे त्याबद्दल मला विशेष काही सांगता येणार नाही.

चेन्सा म्हणते, मुलीला लिही, इकडे आलीस तर लांपुकी खायला घालीन. तो मासा ऑक्टोबरात मिळतो.

आपला,
नेड प्रॉक्टर


लाउथ
२१ एप्रिल १९९५

श्री. प्रॉक्टर,

आपलं पत्र मी तीनदा वाचलं. पेटीसाठी माफी मागते. बाबा खादाड होते हे कळून किती बरं वाटलं ते कसं सांगू! मीही तशीच आहे, आणि आजवर मला वाटायचं ही खोड कुठून आली कोण जाणे.

पण एक बोलू का? मी शाळेत शिकवते. मुलं निबंधात काय लिहितात यापेक्षा काय गाळतात ते मला आधी दिसतं. आपण शेगडीवर एक परिच्छेद लिहिलात, वहीवर एक, वाऱ्यावर अर्धा, आणि त्या रविवारवर दोन ओळी. ज्या बोटीसाठी सहा महिने खपलात तिच्या शेवटच्या दिवसाबद्दल आपल्याला 'विशेष काही' माहीत नाही?

मला वाटतं आपण बाबांना सांभाळून घेताय. साहेबाची बदनामी नको म्हणून. ते प्यायलेले होते का? कुणाशी पैज लागली होती का? आपण जुन्या वळणाची माणसं, मेलेल्याबद्दल वाईट बोलत नाही. पण न बोलण्यानं काय होतं ते मी चाळीस वर्षं बघतेय. आईचा राग न बोलताच आमच्याबरोबर जेवायला बसतो.

जे असेल ते लिहा. बाबांचं काही चुकलं असेल तर मी ते ऐकून घेईन. आपल्या तोंडून ऐकलं तर त्यातल्या त्यात बरं वाटेल.

जुडिथ


मार्साश्लोक
१५ मे १९९५

जुडिथबाई,

तीन आठवडे कागद पुढ्यात घेऊन बसलो. तुम्ही चुकीच्या माणसावर संशय घेतलात म्हणून आता लिहिणं भाग आहे. तुमचे वडील प्यायलेले नव्हते. पैज नव्हती. मी त्यांना सांभाळून घेत नव्हतो, स्वतःला घेत होतो.

ऐका. आमच्या बोटीचं शीड पोलादी दोरानं वर चढायचं, आणि त्या दोराचं टोक डोलकाठीच्या बुडाशी एका आकड्यात अडकवलेलं असायचं. शीड उतरवायचं तर तो आकड्यातून काढायचा, एवढंच. सप्टेंबरातल्या शर्यतीत आम्ही पहिले होतो. एका लाटेच्या दणक्यानं दोर आकड्यातून आपोआप निसटला आणि शीड आमच्या डोक्यावर येऊन पडलं. आम्ही शेवटचे आलो. साहेब हसत सुटले. मला मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. मी बसवलेली वस्तू निसटते म्हणजे काय?

विमानात जे निसटू नये ते आम्ही बारीक तारेनं पीळ देऊन बांधतो. प्रत्येक नट, प्रत्येक बोल्ट. ती तार पक्कडीनं तोडल्याशिवाय ती वस्तू सुटत नाही. शनिवारी १९ ऑक्टोबरला संध्याकाळी मी एकटाच शेडमध्ये गेलो आणि तो आकडा तारेनं बांधून टाकला. सुरेख पीळ दिला. वहीत लिहिलं: 'दोराचा आकडा तारेनं पक्का केला.' खाली सही केली. सकाळी साहेबांना दाखवायचं ठरवलं होतं.

सकाळी मला जाता आलं नाही. साहेबांच्याच विमानाच्या चाकातून तेल गळत होतं, शनिवारी त्यांनीच तशी नोंद केली होती, आणि सोमवारी ते उडायचं होतं. पहाटे मला बोलावणं आलं. बोटीत दोघांनी जायचं असं ठरलेलं, ते एकटेच गेले. दुपारी ग्रिगाल सुटला. हा ईशान्येचा वारा, इथं पोरासोरांनाही माहीत आहे, तो आला की दार ठोठावत नाही. मी विमानाखाली होतो. पंखावरचं कापड उडालं तेव्हा मला कळलं.

बाकीच्यांनी शिडं उतरवली. साहेबांचं शेवटपर्यंत वर होतं, हे धक्क्यावरच्या पन्नास माणसांनी पाहिलं. खाडीच्या तोंडाशी डेलिमाराचं टोक आहे, त्याच्याबाहेर बोट गेली ती गेलीच. तिथं पाणी खोल आहे. साहेब मंगळवारी लांपुकीवाल्या कोळ्यांना सापडले.

विमानात काही सुटलं तर माणूस मरतो. बोटीत काही सुटलं नाही तर मरतो. हे कुठल्याही कोळ्याच्या पोराला कळतं. मला ते त्या दुपारी साडेतीन वाजता कळलं.

चौकशीत मला विचारलं, बोट ठीक होती का? मी म्हटलं, होती. पंचवीस वर्षांचा होतो आणि भ्यायलो होतो. वही कुणी मागितली नाही, खेळण्यातली वही कोण मागतो? ती शेडमध्येच राहिली होती, तिथून साहेबांच्या सामानाबरोबर तुमच्या आईकडे गेली. साहेबांनी माझी नोंद वाचली की नाही, खाली सही केली की नाही, मला माहीत नाही. दुसरी सही मी कधी पाहिली नाही. ती नसेल तर आमच्या पद्धतीप्रमाणे ती बोट अजून माझ्याच ताब्यात आहे.

काल चेन्साला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "छत्तीस वर्षं माझ्या शेजारी झोपतोस आणि एवढी तार पोटात घेऊन?" मग चुलीकडे गेली आणि तासभर भांडी आपटत राहिली. मग म्हणाली, "आता त्या बाईलाही कळू दे. तिनं नवऱ्याला उगाच शिव्या घातल्या इतकी वर्षं."

म्हणून तुमच्या आईला हे पत्र दाखवा. साहेबांना कप प्यारा नव्हता. त्यांच्या हातात शीड उतरवायचं राहिलंच नव्हतं, आणि ते मी केलं.

नेड प्रॉक्टर


लाउथ
९ जून १९९५

श्री. प्रॉक्टर,

पत्र मिळालं. पहिले दोन दिवस मी तुमच्यावर फार चिडले होते, हे लपवत नाही. मग आईला नेऊन दिलं. तिनं ते स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं, घडी घालून ॲप्रनच्या खिशात ठेवलं आणि बटाटे सोलायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर बैठकीत घड्याळाशेजारी बाबांचा फोटो होता. गणवेशातला. मी तो जन्मात पाहिला नव्हता. मी नुसती बघत राहिले. आई म्हणाली, "अशी काय बघतेस, तुझा बाप आहे." आणि ट्रंकेची किल्ली माझ्या हातात दिली.

सध्या इतकंच लिहिते.

जुडिथ


मार्साश्लोक
२० ऑगस्ट १९९५

जुडिथबाई,

उत्तर मागत नाही. तुम्ही लिहिलं नाहीत यात तुमची काही चूक नाही, मी तुमच्या जागी असतो तर आधीचं पत्रही लिहिलं नसतं. चेन्सा मात्र म्हणते, उत्तराची वाट बघत नाहीस तर मग टपालवाल्याच्या वेळेला दारात कशाला उभा असतोस?

आईंनी फोटो बाहेर काढला हे वाचून मला झोप लागली. आता इतकंच विचारतो, तो अजून तिथंच आहे ना?

नेड


लाउथ
८ ऑक्टोबर १९९५

प्रिय नेडकाका,

चेन्साकाकूंनी परवा फोनवर मला झापलं, "बापाच्या दोस्ताला श्री. श्री. काय लिहितेस? आमच्याकडे काका म्हणतात!" त्यांनी फोन केल्याचं तुम्हाला माहीत नाही, असं त्या म्हणाल्या. म्हणजे आता माहीत झालं. पण त्या फोननं माझी चोरी संपली, म्हणून लिहिते.

फोटो तिथंच आहे. आई रोज त्याच्यावरची धूळ पुसते. पहिल्यांदाच बाबांबद्दल बोलते. परवा म्हणाली की त्यांना नाचता अजिबात येत नव्हतं. ती हसली, काका. मी चाळीस वर्षांत तिला या विषयावर हसताना पाहिलं नव्हतं.

आता माझा गुन्हा. जूनमध्ये, किल्ली मिळाली त्याच आठवड्यात, ट्रंकेच्या तळाशी मला वही सापडली. पाचव्या इंजिनाची. पुढून तुमची शेवटची नोंद आहे, तुम्ही लिहिलीत तशीच, खाली तुमची सही. त्याखाली बाबांची सही नाही. जागा कोरी आहे.

मग मी वही उलटी केली. मागच्या बाजूला बाबांचं कोंबडीचं अक्षर. शेवटची नोंद २० ऑक्टोबर, सकाळची. जशीच्या तशी उतरवते:

'डेलिमाराला वारा दुपारी वळेल. नेड विमानात अडकला, एकटा जातो. पठ्ठ्यानं आकडा तारेनं बांधलाय, बोटीला विमान समजतो! तोडली. आज बोलायला नको, मनाला लावून घेईल. कप घेऊन आलो की बिअर पाजीन आणि मग सांगेन.'

तार नव्हती, काका. बोट सुटली तेव्हा तार नव्हती. तुमची काहीएक चूक नव्हती आणि मला हे जूनपासून माहीत होतं.

मी का लपवलं ते तुम्हाला कळलं असेल. तार नव्हती तर मग शीड उतरवता येत होतं. मग आईचंच खरं ठरतं. वही तिच्या हाती दिली की फोटो परत ट्रंकेत जाईल. चार महिने मी आईच्या हसण्यासाठी तुम्हाला जाळत ठेवलं. तुमचं ऑगस्टचं पत्र आलं तेव्हा मी ते शाळेत मुलांसमोर वाचलं आणि मला बाहेर जावं लागलं.

आता तुम्हीच सांगा. आईला वही दाखवू का? तुम्ही 'दाखव' म्हणालात तर दाखवीन. तुमचा तो हक्क आहे.

तुमची,
जुडिथ


मार्साश्लोक
१९ ऑक्टोबर १९९५

पोरी जुडिथ,

पत्र मंगळवारी आलं. मी धक्क्यावर जाऊन बसलो आणि रडलो, अगदी मोठ्यानं. कोळ्यांनी जाळी विणणं थांबवलं नाही. इथं माणसाला रडू देतात. मग चेन्सा आली, पत्र माझ्या हातातून घेऊन वाचलं आणि म्हणाली, "एवढं एक वाक्य त्या बाबानं तोंडानं सांगितलं असतं तर!" खरंच. सगळं लिहायचं आणि सांगायचं अशी आमची पद्धत. माझं मन दुखू नये म्हणून साहेबांनी तेवढी एकदाच मोडली, आणि तिथंच घोळ झाला.

तुझ्यावर राग नाही. तू आईसाठी केलंस.

आता मी सांगतो ते ऐक. वही आईला दाखवू नकोस. तार माझ्याच नावावर राहू दे. मी अडतीस वर्षं वागवली, मला तिची सवय आहे, आणि आता ती खरी नाही हे मला ठाऊक असल्यावर तिला वजन कसलं? त्या बाईंचं हसू जायला नको.

शिवाय एक गोष्ट तुला सांगायची राहिली. त्या बोटीत आकडा पुढे, डोलकाठीच्या बुडाशी, आणि सुकाणू मागे. वादळात एकट्या माणसानं शीड उतरवायचं तर सुकाणू सोडून पुढे रांगत जावं लागतं, आणि सुकाणू सोडलं की बोट उलटते. म्हणून दोघं लागतात. दुसरा मी होतो. साहेबांनी उतरवलं नाही की त्यांना उतरवता आलं नाही, हे धक्क्यावरच्या पन्नास जणांपैकी कुणालाच माहीत नाही, मलाही नाही. एकट्यानं जायला नको होतं. तेवढं त्यांचं चुकलं, आणि ते कपासाठी होतं, हे खरं.

उद्या वीस तारीख. दरवर्षी मी डेलिमाराच्या टोकापर्यंत होडी नेतो. या वेळी एक बिअरही नेणार आहे.

तुझा,
नेडकाका


लाउथ
६ नोव्हेंबर १९९५

श्री. प्रॉक्टर,

मी म्युरिएल लँबर्न. आपण एकमेकांना शेवटचं पाहिलं ते ह्यूच्या दफनाला. तुम्ही मागे उभे होतात आणि बूट नीट घासलेले होते, एवढं मला आठवतं.

माझी मुलगी हुशार आहे, पण तिला लपवाछपवी जमत नाही. ती वही जूनपासून तिच्या कपाटात स्वेटरखाली होती. ट्रंकेची किल्ली मीच दिली होती ना? आत काय आहे ते न बघता दिली असेन?

'तोडली, बोलायला नको, मनाला लावून घेईल' हे मी १९५७ सालीच वाचलं आहे, सामान आलं त्या रात्री. मला त्यातलं काही समजलं नाही. कसली तार, कुठला आकडा? विमानातलं काहीतरी असेल म्हणून मी वही मिटली. 'कप घेऊन आलो की' एवढंच मला कळलं, आणि तेवढंच मी अडतीस वर्षं धरून बसले.

तुमचं मे महिन्याचं पत्र वाचलं तेव्हा ती तार कसली ते मला कळलं. बटाटे सोलून झाल्यावर मी ट्रंक उघडली आणि ती नोंद पुन्हा वाचली. म्हणजे तुमची चूक नव्हती हे मला जुडिथच्या आधी माहीत होतं. मला वाटलं ती आठवड्याभरात तुम्हाला कळवील. ती लपवत बसली आणि मी ती कधी बोलते याची वाट बघत बसले. त्यात तुमचे चार महिने फुकट गेले. ही चूक माझी आहे आणि मी तिची माफी मागते. गेल्या रविवारी तिला सगळं सांगितलं. तिनं तुमचं पत्र दाखवलं, ज्यात तुम्ही तार आपल्याच नावावर ठेवायला निघालात. मूर्खपणा आहे. पण असा मूर्खपणा माझ्यासाठी कुणी केल्याला फार वर्षं झाली.

तर फोटो मी तुमच्या तारेमुळे काढला नाही. ह्यू कपासाठी एकटा गेला. त्याबद्दल मी अजून चिडलेली आहे आणि राहणार आहे, तो हक्क माझा. पण इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या सकाळी त्याच्या डोक्यात स्वतःखेरीज कुणी नव्हतं. शर्यतीला तास उरला असताना तो पक्कड हातात घेऊन, एका पोरगेल्या कॉर्पोरलला वाईट वाटू नये याचा विचार करत उभा होता. त्याच माणसाशी मी लग्न केलं होतं. त्याला मी विसरून गेले होते.

वही सोबत पाठवते आहे. जुडिथनं तुमची दोन सह्यांची पद्धत मला समजावून सांगितली. तुमच्या शेवटच्या नोंदीखाली ह्यूची जागा कोरी होती. त्यानं करायला हवी होती ती सही करायला तो आता काही येत नाही, म्हणून मी केली आहे. नोंद अशी: 'तार काढलेली आहे. बोट पाहिली, ताब्यात घेतली. म्युरिएल लँबर्न, ६ नोव्हेंबर १९९५.'

शाईची आहे, पुसता येणार नाही. बोट आजपासून तुमच्याकडे नाही, प्रॉक्टर. ती आमची आहे.

म्युरिएल लँबर्न